फर्दापूरची रेषा आणि ख्रिस्ताचा चेहरा : आधुनिक भारतीय चित्रकलेतील ख्रिस्ती प्रतिमा व श्रद्धेचा प्रश्न

सारांश

आधुनिक भारतीय चित्रकलेतील ख्रिस्ती प्रतिमांची चर्चा बहुधा 'भारतीयीकरण' आणि 'आधुनिकता' या दोन संज्ञांच्या आधारे केली जाते. चित्रामागील आणि चित्रासमोरील श्रद्धेचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. अजिंठ्यानजीकच्या फर्दापूर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी पडलेल्या चित्रकारांच्या तळापासून आंजेलो द फोन्सेका यांच्या पुण्यातील चित्रांपर्यंत आलेल्या रेषेचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. फोन्सेका व फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या ख्रिस्तप्रतिमांची तुलना करून, श्रद्धेचा अभाव म्हणजे आधुनिकता हे समीकरण अपुरे आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : ख्रिस्ती प्रतिमा, अजिंठा, फर्दापूर, भारतीयीकरण, श्रद्धा, दलित ख्रिस्ती समाज.

१. प्रस्तावना

औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) जळगावकडे जाताना अजिंठ्याचा घाट उतरल्यावर फर्दापूर लागते. सोयगाव तालुक्यातील हे गाव पर्यटकाच्या लेखी लेणी पाहण्यापूर्वीचा एक थांबा आहे. कलेच्या इतिहासात मात्र या गावाचे स्थान वेगळे आहे. अजिंठ्याची चित्रे लेण्यांतून कागदावर आणि कागदावरून जगभर गेली, त्या प्रवासातील एक महत्त्वाचा तळ येथे पडला होता.

ख्रिस्ती प्रतिमांचा विचार बौद्ध लेण्यांच्या परिसरातून सुरू करणे सकृद्दर्शनी विसंगत वाटेल. तथापि विसाव्या शतकात ज्या चित्रकारांनी मरियेला साडी नेसवली आणि ख्रिस्ताला भारतीय चेहरा दिला, त्यांची रेषा कोठून आली याचा शोध घेऊ लागले की वाट अजिंठ्याकडे वळते. या शोधातून अधिक मूलभूत प्रश्न उभा राहतो. एका धर्माच्या उपासनेसाठी घडलेली रेषा दुसऱ्या धर्माच्या उपासनेत येते तेव्हा तिच्याबरोबर काय येते आणि मागे काय राहते? धार्मिक प्रतिमेतील श्रद्धा नेमकी कोठे वसते : चित्रकाराच्या मनात, चित्राच्या विषयात, की चित्रासमोर उभ्या राहणाऱ्याच्या दृष्टीत?

२. फर्दापूरचा तळ

१८१९ साली अजिंठ्याची लेणी युरोपीय जगाच्या नजरेस आली. त्यानंतर रॉबर्ट गिल व पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी केलेल्या नकलांपैकी बराच भाग लंडनमधील आगींत, अनुक्रमे १८६६ व १८८५ मध्ये, नष्ट झाला. ग्रिफिथ्स यांनी सोळाव्या लेण्यातील 'मरणोन्मुख राजकन्या' या चित्राची थोरवी सांगताना फ्लोरेन्स व व्हेनिस येथील चित्रकारांचे माप लावले. इटलीतील चर्चच्या भिंतींवर घडलेली कलादृष्टी अशा रीतीने अजिंठ्याच्या पहिल्या मूल्यमापनातच मिसळली होती.

पुढील प्रयत्न ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीचा. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत फर्दापूर येथे तळ ठोकून त्यांनी सहकाऱ्यांसह चित्रांच्या नकला केल्या. कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व के. वेंकटप्पा, तसेच हैदराबादचे सैयद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन यांचा या कामात सहभाग होता. या नकला १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

हेरिंगहॅम यांची पूर्वतयारी ध्यानात घेण्याजोगी आहे. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या तंत्रविषयक ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. रंग कसा वाटावा, गिलावा कसा द्यावा, अंड्याच्या बलकात रंग कसा कालवावा हे शिकवणारा तो ग्रंथ ईश्वर, मरिया व संत यांच्या स्मरणाने सुरू होतो. त्या परंपरेत कारागिरी आणि उपासना वेगळ्या नव्हत्या. हेच कौशल्य घेऊन हेरिंगहॅम फर्दापूरला आल्या. त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात अजिंठ्याच्या चित्रांना 'फ्रेस्को' म्हटले आहे. वस्तुतः ही चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावरील चुन्याचा पातळ थर सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग त्यावर लावलेले आहेत. इटालियन चर्चमधील तंत्राचे नाव बौद्ध भिंतीला मिळाले ते असे. पुढे १९२०–२२ या काळात निजाम सरकारने चित्रांच्या संरक्षणासाठी लोरेंझो चेक्कोनी व काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनाच पाचारण केले. त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले, हा या कथेचा उत्तरभाग होय.

नकलाकाराने भिंतीवरून काय उचलले, हा येथील कळीचा मुद्दा आहे. त्याने देहाची लय, झुकलेल्या पापण्या, बोटांची मुद्रा आणि वळणदार बाह्यरेषा उचलली. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन आलेल्या बुद्धासमोर यशोधरा व राहुल उभे आहेत. माता, बालक आणि त्यांच्यासमोरचे विराट कारुण्य यांची ही रचना कागदावर आली. त्या चित्रासमोर काळोखात दिवा धरून उभ्या राहणाऱ्या भिक्षूची उपासना कागदावर येणे शक्य नव्हते. फर्दापूरहून निघालेली रेषा 'भारतीय शैली' म्हणून निघाली. तिच्यामागचा धर्म लेण्यातच राहिला. बंगालमधील राष्ट्रीय कलाचळवळीला त्या वेळी शैलीचीच गरज होती.

३. भाषेत आधी घडलेले

मराठीच्या अभ्यासकाला परंपरेच्या या स्थलांतराचे जुने उदाहरण परिचित आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. ख्रिस्तचरित्रासाठी त्यांनी ओवी स्वीकारली. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाचा आधार घेतला आणि ख्रिस्ताकडे नेणारा आपला मार्ग तुकोबांच्या वाटेने जातो असे मानले. ओवी व अभंग यांच्याबरोबर भक्तीचा एक संपूर्ण व्यवहार ख्रिस्ती मराठीत आला. श्रवण, कीर्तन, शरणागती हे सारे छंदाला चिकटूनच आले.

चित्राच्या बाबतीत असे घडले नाही. स्टीफन्सच्या ओवीनंतरही तीन शतके गोव्यातील वेदीवरची मरिया युरोपीय चेहऱ्याचीच राहिली. श्रोत्याला ख्रिस्ताची कथा स्वभाषेत ऐकता येत होती, परंतु डोळे उघडल्यावर दिसणारा ख्रिस्त परदेशीच होता. शब्द आणि रूप यांमधील हे अंतर ओलांडण्याचा आग्रही प्रयत्न फोन्सेका यांच्या चित्रांत दिसतो.

४. फोन्सेका : उपासनेकडे परतलेली रेषा

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांतो इस्तेव्ह या बेटावरील गावी झाला. मुंबईत वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून ते कलेकडे वळले. जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणाने समाधान न झाल्याने त्यांनी बंगालची वाट धरली व अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. फर्दापूरच्या तळावर अजिंठ्याची रेषा गिरवलेला हात अशा रीतीने एका गोमंतकीय कॅथलिक विद्यार्थ्याला घडवत होता.

गोव्यात परतल्यावर त्यांची साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची मरिया स्वसमाजाला मानवली नाही. पोर्तुगीज राजवटीतील कॅथलिक समाजाच्या दृष्टीने मरियेचे युरोपीय रूप हा श्रद्धेचाच भाग बनला होता. ते रूप बदलणे म्हणजे श्रद्धेला हात लावणे, असा या विरोधाचा आशय होता. या विरोधाला केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण योग्य नाही. प्रतिमा बदलली की उपासना बदलते, ही गोष्ट विरोधकांनी चित्रकाराइतकीच गांभीर्याने घेतली होती.

फोन्सेकांना आश्रय मिळाला तो पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. जॅक विन्सलो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेला हा संघ अँग्लिकन पंथाचा होता. याच विन्सलो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले होते. कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमात घर मिळावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९६७ मध्ये निधन होईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. जिवंतपणी नाकारलेल्या भूमीत चित्रांचे पुनरागमन झाले.

फोन्सेकांच्या जलरंगांतील मरिया सिंहासनावरील सम्राज्ञी नसते; ती घरातील स्त्रीसारखी वावरते. तिच्या झुकलेल्या पापण्या व हातांची मुद्रा अजिंठ्याची आठवण करून देतात. मात्र ही रेषा येथे पुन्हा उपासनेत आली आहे, हा नंदलालांच्या नकलांहून महत्त्वाचा फरक आहे. फोन्सेका ज्या ख्रिस्तावर श्रद्धा ठेवत होते, त्याचेच चित्र काढत होते, आणि ते प्रार्थनेसाठी काढत होते. अजिंठ्याच्या भिंतीवरून उचलताना रेषेपासून जे वेगळे झाले होते, ते दुसऱ्या धर्माच्या रूपाने तिला परत मिळाले. शैलीच्या निकषावर फोन्सेका बंगाल शैलीचे उशिरा आलेले अनुयायी ठरतात. श्रद्धेच्या निकषावर त्यांनी त्या शैलीला तिचे हरवलेले प्रयोजन मिळवून दिले.

रोमन कॅथलिक चर्चने द्वितीय व्हॅटिकन परिषदेत, १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाद्वारे, सर्व लोकसमूहांच्या कलेला उपासनेत स्थान असल्याचे मान्य केले. फोन्सेकांचे काम त्यापूर्वी सुमारे तीन दशके सुरू झाले होते. मुंबईत अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनीही याच दिशेने ख्रिस्ती विषयांवर चित्रे केली. पुण्यात १९४४ साली जन्मलेले ज्योती साही यांनी हा धागा परिषदेनंतरच्या काळात पुढे नेला.

५. सूझा : जखमेची प्रतिमा

फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) हेही गोव्याचे, साळगावचे. 'चले जाव' आंदोलनातील सहभागामुळे १९४५ मध्ये जे. जे. कलाशाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली आणि १९४९ मध्ये ते लंडनला गेले. बालपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईने नवसाप्रमाणे त्यांच्या नावात संत फ्रान्सिस झेवियरचे नाव जोडले. चर्चची भव्य वास्तू, विधींचा थाट आणि खिळ्यांनी जखडलेली ख्रिस्तमूर्ती यांचा खोल ठसा आपल्यावर उमटल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

लंडनच्या टेट संग्रहातील त्यांच्या १९५९ मधील 'क्रूसारोहण' या चित्रात ख्रिस्ताचा देह काळा असून रेषा काटेरी आहेत. डोक्यावरच्या मुकुटातील काटे जणू सर्वांगातून उगवले आहेत. फोन्सेकांच्या चित्रातील शांती येथे नाही, आणि कृपेचे आश्वासनही नाही. सूझांचा रोख धर्मसत्तेच्या ढोंगावर होता. त्यांच्या धर्मगुरूंच्या व संतांच्या चेहऱ्यांवरही हाच प्रहार दिसतो.

समीक्षेने या दोन चित्रकारांना सहसा एका पट्टीने मोजले आहे. सूझा बंडखोर म्हणून आधुनिक, फोन्सेका भाविक म्हणून सजावटी. महाविद्यालयीन अध्यापनातही आधुनिक कलेच्या प्रकरणात सूझांना स्थान मिळते. फोन्सेका बहुधा गाळलेच जातात. श्रद्धेपासूनचे अंतर हेच आधुनिकतेचे माप आहे, असे या वर्गवारीत गृहीत धरले जाते. हे गृहीतक सूझांच्या चित्रांवरही अन्याय करते. ज्याला ख्रिस्त निरर्थक वाटतो, तो आयुष्यभर क्रूस रंगवीत बसत नाही. सूझांचा क्रोध हा श्रद्धेच्या परिसरातलाच क्रोध आहे. प्रतिमेची सत्ता मनावर टिकून असल्याखेरीज तिच्यावर इतका कठोर प्रहार संभवत नाही. वारकरी परंपरेत विठ्ठलाशी भांडण हा भक्तीचाच एक प्रकार आहे, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा मुद्दा अपरिचित वाटू नये. फरक असा की, वारकऱ्याच्या भांडणाला शेवटी समेट असतो. सूझांच्या चित्रात तो नाही.

६. 'भारतीय' रूप कोणाचे?

फोन्सेकांची बाजू मांडताना त्यांच्या कलेची मर्यादा झाकून चालणार नाही. त्यांच्या प्रतिमासृष्टीतील भारतीयत्व प्रामुख्याने शांत, सौम्य व अभिजात आहे. आश्रम, ध्यान आणि संयत मुद्रा ही त्याची परिभाषा आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास याहून निराळा आहे. मराठवाड्यात जालना परिसरात नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेले मिशनचे कार्य आणि बेथेल ही वसाहत, तसेच तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील मिशनकार्य यांतून जो समाज ख्रिस्ती झाला, त्यातील फार मोठा भाग मांग व महार या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होता. आश्रमाची शांती हा या समाजाचा वारसा नव्हता. ज्या अभिजात परंपरेने त्याला वेशीबाहेर ठेवले होते, तिच्याच वस्त्रात ख्रिस्त पुन्हा समोर आला, तर तो जवळचा वाटावा की दूरचा?

अरविंद निर्मल या ख्रिस्ती धर्मचिंतकांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानात हाच प्रश्न धर्मशास्त्राच्या पातळीवर उपस्थित केला. भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी परंपरेशी संवाद साधण्यात गुंतले आणि बहुसंख्य ख्रिस्ती लोकांच्या वेदनेकडे त्याने पाठ फिरवली, असा त्यांचा आक्षेप होता. अपमानित, नाकारलेला आणि जखमी ख्रिस्त हा या चिंतनाच्या केंद्रस्थानी आला.

या दृष्टीने पाहता एक अनपेक्षित उलटापालट होते. भाविक फोन्सेकांचा ख्रिस्त वेशीबाहेरच्या भाविकाला परका वाटण्याची शक्यता आहे, तर चर्चशी भांडणाऱ्या सूझांचा काळा, काटेरी ख्रिस्त त्याला अधिक ओळखीचा वाटू शकेल. सूझांनी हे चित्र अशा भाविकासाठी काढले नव्हते आणि मराठवाड्यातील भाविकाने लंडनमधील संग्रहालयात जाऊन ते पाहावे अशी परिस्थितीही नाही. तरीही चित्रकाराची वैयक्तिक श्रद्धा आणि चित्राची श्रद्धाक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे यावरून निश्चित होते.

७. श्रद्धेबाहेरचे चित्रकार

ही भिन्नता मान्य केल्यास ख्रिस्ती नसलेल्या चित्रकारांच्या ख्रिस्तप्रतिमांचा अर्थ अधिक नेमका लागतो. कृष्ण खन्ना यांनी 'अंतिम भोजन' व तत्संबंधित विषय रंगवताना दिल्लीच्या रस्त्यावरील फकीर व श्रमिक यांचे चेहरे ख्रिस्तकथेत आणले. माधवी पारेख यांनी तीच कथा लोकचित्राच्या वळणाने मांडली. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९८० नंतर रंगवलेल्या मदर तेरेसा मालिकेत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, चेहरा नाही. मांडीवर घेतलेल्या देहाची रचना मायकेलअँजेलोच्या 'पिएता'चे स्मरण देते. चेहरा रिकामा ठेवल्याने करुणा एका व्यक्तीची किंवा एका पंथाची राहत नाही. फोन्सेकांनी मरियेला चेहरा दिला आणि हुसेन यांनी काढून घेतला; दोघांचीही भाषा साडीचीच आहे.

प्रतिमेवरील हक्काचा वाद अद्याप मिटलेला नाही. २०१६ मध्ये केरळमधील चित्रकार टॉम वट्टक्कुळी यांचे 'अंतिम भोजना'ची रचना वापरणारे चित्र एका मल्याळम मासिकात छापले गेल्यावर ख्रिस्ती समाजातून तीव्र निषेध झाला व तो अंक मागे घेण्यात आला. फोन्सेकांच्या वेळी वाद मरियेच्या वस्त्राचा होता. येथे तो नग्नतेचा होता. दोन्ही वेळी मूळ प्रश्न एकच होता : पवित्र रचनेवर अधिकार कोणाचा, रंगवणाऱ्याचा की तिच्यासमोर गुडघे टेकणाऱ्याचा? कलास्वातंत्र्याचा पक्ष घेणाऱ्या समीक्षकालाही दुसऱ्या पक्षाचे अस्तित्व नाकारता येणार नाही, कारण त्या रचनेला जी शक्ती आहे ती शतकानुशतके गुडघे टेकणाऱ्यांनीच तिला दिलेली आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे स्पष्ट होतात.

पहिला, ख्रिस्ती प्रतिमेचे भारतीयीकरण ही केवळ वेशांतराची प्रक्रिया नाही. इटालियन कारागिरीचे ज्ञान असलेली चित्रकर्ती, बौद्ध भिंत, बंगालमधील राष्ट्रीय चळवळ आणि पुण्यातील आश्रम अशा अनेक टप्प्यांतून ती रेषा आली आहे. 'शुद्ध भारतीय' किंवा 'शुद्ध ख्रिस्ती' असे तिचे कोणतेही मूळ दाखवता येत नाही.

दुसरा, श्रद्धेचा लोप हे आधुनिकतेचे लक्षण मानल्यास फोन्सेका दुर्लक्षित राहतात आणि सूझा अर्धेच समजतात. आधुनिक कलेच्या अध्यापनात या दोघांना शेजारी ठेवून शिकवणे अधिक फलदायी ठरेल.

तिसरा, भारतीय रूपाची चर्चा जातीच्या प्रश्नाला टाळून पूर्ण होऊ शकत नाही. कोणत्या भारतीयाचा चेहरा, हे विचारल्याखेरीज ख्रिस्ताच्या भारतीय चेहऱ्याचे मूल्यमापन होत नाही.

शेवटचा मुद्दा अजिंठ्याचाच आहे. गिल, ग्रिफिथ्स व हेरिंगहॅम यांच्या काळात ही लेणी उपासकांविना होती. त्यामुळे तेथील चित्रांकडे केवळ कला म्हणून पाहणे त्यांना सहज शक्य झाले. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घडवलेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध उपासक या लेण्यांत येऊ लागले आणि पर्यटकांच्या गर्दीतही काही हात जोडले जाऊ लागले. जी श्रद्धा रेषेबरोबर कागदावर उतरली नव्हती, ती माणसांबरोबर परत आली, आणि तीही वेशीबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसांबरोबर. धार्मिक प्रतिमेतील श्रद्धा चित्रकाराने एकदाच भरून ठेवलेली नसते. समोर उभा राहणारा समाज ती पुन्हा पुन्हा घडवतो. ख्रिस्ताच्या मराठी चेहऱ्याचा प्रश्नही म्हणूनच चित्रकारांच्या यादीने सुटणारा नाही. त्या चेहऱ्यासमोर कोण उभे राहते आणि त्याला त्यात स्वतःचे काय सापडते, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.